तो कशाला बुजतो?



सहामाहीची प्रगतिपत्रकं घरी आली की आपण आधी गुणांचे रकाने बघतो आणि मग खालची शेऱ्याची ओळ. बीड, अंबाजोगाई, परळीच्या इंग्रजी शाळांत त्या ओळीत हल्ली एक शब्द वरचेवर दिसतो : शाय. मुलगा हुशार आहे, अक्षर चांगलं आहे, पण शाय आहे. मराठी शाळेच्या वर्णनात्मक नोंदींत तेच लेकरू ‘लाजाळू’ होऊन बसतं. संध्याकाळी वडील मोटारसायकल लावून घरात येतात, शेरा वाचतात आणि विचारतात, "काय रं, तोंड न्हाई का तुला?" लेकरू आणखीच गप्प.

मी प्राथमिकची शिक्षिका. या शब्दाची मला बरीच वर्षं सवय आहे आणि अलीकडे त्याचा रागही येतो. म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलू. शब्द इंग्रजी असला तरी तो चिकटतो आपल्या लेकरांना.

शाय हा फार जुना शब्द. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो होता, तेव्हा माणसाच्या स्वभावाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. तो घोड्याचा शब्द होता. चटकन दचकणारा, वाटेत पालापाचोळा हलला तरी बाजूला उडी घेणारा घोडा, तो शाय. इंग्रज घोडेस्वार आजही तसं घडलं की हेच क्रियापद वापरतो. माणसाला, आणि मग लहान मुलांना हा शब्द पुढे लागला.

इथपर्यंत वाचून तुमच्या ओठांवर आपला शब्द आलाच असेल. बैल बुजला. गाई बुजल्या. बुजरं जनावर, बुजरं पोरगं. आपणही अगदी तेच केलं, जनावराच्या दचकण्याचा शब्द लेकराला लावला. गंमत एवढ्यावर थांबत नाही. जर्मन भाषेत या शायचा एक भाऊबंद आहे, आणि त्याच्यावरून पाखरं हाकायला शेतात उभ्या केलेल्या काठीच्या माणसाला जर्मन शेतकरी ‘फोगलशॉयशे’ म्हणतो. अर्थ, पाखरांना बुजवणारा. गेवराईच्या ज्वारीत उभं असतं त्याला आपण बुजगावणं म्हणतो. दोन भाषांतल्या या शब्दांचं आपसात काही नातं नाही, पण दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी पाहिलेली गोष्ट एकच आहे.

आता मुद्द्याचं. ‘बैल बुजला’ असं कुणी सांगितलं की ऐकणारा लगेच विचारतो, "कशाला?" ट्रॅक्टरच्या हॉर्नला, कुत्र्याला, उडालेल्या प्लास्टिकच्या कागदाला. बुजण्याला नेहमी काहीतरी कारण असतं, आणि शेतकऱ्याला ते हुडकायची सवय असते. पण ‘पोरगं बुजरं आहे’ असं म्हटलं की पुढे कुणीच विचारत नाही. जणू डोळ्यांचा रंग सांगितला. शाळेच्या शेऱ्याचंही तसंच. शाय लिहिलं की शिक्षकाचं काम संपलं, वाचलं की पालकाचं. मला तुमच्याशी बोलायचंय ते या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल.

श्रावणातल्या अमावास्येला पोळा असतो. पहिल्यांदाच सजून वेशीत निघालेला गोऱ्हा तुम्ही पाहिला असेल. अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घागरमाळा, भोवती हलगी आणि माणसांची गर्दी. तो अंग चोरतो, मागे सरतो, कान ताठ करतो. त्याचा मालक काय करतो? कासरा जरा सैल सोडतो, पाठीवर हात ठेवतो, तोंडानं हळू आवाज करत राहतो, गर्दी पुढे जाऊ देतो. पुढच्या पोळ्याला तोच गोऱ्हा मान डोलवत जातो. मालकानं त्याला गोठ्यातच ठेवलं असतं तर हे झालं नसतं, आणि वेशीत चाबूक ओढला असता तर मुळीच झालं नसतं. आणि हाच शहाणा माणूस लग्नाच्या मांडवात चार पाहुण्यांपुढं पोराला ओढून आणतो : "हे आमचं लई लाजरंबुजरं हाय. कर की नमस्कार! मुका हाईस का?"

हे वाचून कुणी म्हणेल, बाई, काही लेकरं जन्मतःच तशी असतात. असतात, खरंच असतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञानं चार महिन्यांच्या बाळांपुढं नवी खेळणी हलवून, नवे आवाज आणि वास देऊन पाहिलं. साधारण पाचातलं एक बाळ जोरजोरात हातपाय झाडायचं, रडायचं. यातली बरीच लेकरं पुढे नव्या माणसांपुढं, नव्या जागी मागे सरणारी निघाली. पण सगळी नाही. या अभ्यासातून एक गोष्ट अशीही दिसली की ज्या आयांनी अशा बाळाला प्रत्येक नव्या गोष्टीपासून जपून ठेवलं, त्यांची बाळं जास्त बुजरी राहिली. ज्यांनी थोडा धीर आणि थोडी शिस्त दिली, त्यांची कमी. पदराआड ठेवणं आणि चारचौघांत ढकलणं, दोन्ही टोकं वाईट, आणि मधली वाट पोळ्याला आपल्याला चांगली ठाऊक असते. बाकी, बुजरेपणा ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी अमेरिकेत लोकांना विचारलं तेव्हा सुमारे चाळीस टक्के लोकांनी आपण लाजाळू असल्याचं सांगितलं होतं. अमेरिकेत! जिथली माणसं आपल्याला टीव्हीवर सदान् कदा बोलतानाच दिसतात.

मग आपल्याकडची लेकरं कशाला बुजतात? माझ्या पाहण्यात पहिलं कारण भाषा. घरात लेकरू म्हणतं, "मी जायलो", "आई सैपाक करायलीय". बंजारा तांड्यावरचं असेल तर घरात गोरमाटी बोलतं, मराठी त्याला दुसरी आणि इंग्रजी तिसरी. पहिल्या आठवड्यात ते वर्गात आपल्या बोलीत एक वाक्य बोलतं आणि कुणीतरी हसतं. कधी मुलं हसतात, कधी, सांगायला लाज वाटते, आमच्यातलंच कुणी. "जायलो नाही, जातोय म्हण." त्या दिवसापासून ते लेकरू प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवतं, तपासतं, आणि तोवर बाईंनी दुसऱ्याला उठवलेलं असतं. प्रगतिपत्रकात लिहून येतं, शाय. अहो, ते लेकरू गल्लीत विटीदांडू खेळताना ऐका. आवाज शेजारच्या आळीत जातो त्याचा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. धोरण कागदावर आहे, आपली इंग्रजी शाळेची हौस जमिनीवर. ती हौस मी समजू शकते. ज्यानं आयुष्यभर कोयता चालवला किंवा दुकानात पोती उचलली त्याला आपलं पोर इंग्रजी बोलावं असं वाटणारच. पण निदान घरात तरी त्याला त्याच्या बोलीत पोटभर बोलू द्या. "घरी पण इंग्लिशच बोला" असा सल्ला शाळेनं दिला आणि तुम्हाला स्वतःला ती येत नसली, तर घरही गप्प होतं. असली गप्प घरं मी पाहिली आहेत.

बुजरेपणाची एक मोठी हकीकत आपल्याच राज्यात घडलेली आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्यांदा उभे राहिले. ममीबाई नावाच्या बाईचा साधा खटला, फी तीस रुपये. समोरच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला ते उठले आणि डोकं गरगरायला लागलं. एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली, खटला दुसऱ्या वकिलाकडं द्यायला सांगितलं आणि कोर्टातून निघून गेले. त्याआधी लंडनच्या शाकाहारी मंडळीतही त्यांचं तेच व्हायचं. बोलायचं ते कागदावर लिहून न्यायचे आणि ते दुसऱ्या कुणाला तरी वाचावं लागायचं. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवलंय, आणि या भिडस्तपणामुळं शब्द तोलून वापरायची सवय लागली असंही त्यांचं म्हणणं आहे. आता हे सांगितलं की काही पालक खूश होतात, म्हणजे आमचं बी गांधी व्हणार! तसं नाही हो. सांगायचं एवढंच की त्यांची जीभ मोकळी झाली ती दक्षिण आफ्रिकेत, सांगण्यासारखं काही हाती आल्यावर. ‘बोल, बोल’ म्हणून कुणी ती मोकळी केली नाही.

इंग्रजीत लाजाळूसाठी दुसरा एक शब्द आहे, बॅशफुल. डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’ चित्रपटात सात बुटक्यांपैकी एकाचं नावच बॅशफुल आहे, तुमच्या पोरांना माहीत असेल. सोळाव्या शतकापासूनचा हा शब्द. त्याच्या मुळाशी जे जुनं फ्रेंच क्रियापद आहे त्याचा अर्थ, समोरच्याला थक्क करून सोडणं, आ वासायला लावणं. म्हणजे या शब्दात दोन माणसं आहेत : एक गांगरलेला, एक गांगरवणारा. लेकराच्या बाबतीत गांगरवणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

आठवून बघा. पाहुणे आले. चहा ठेवला. लगेच, "बाळा, पोएम म्हणून दाखव." लेकरू पदर धरून मागं जातं. "काल तर म्हणत होता! आता काय झालं?" मग पाहुणे हसतात, आई ओशाळते, आणि ओशाळल्यामुळं चार शब्द जास्त बोलून जाते. लेकराच्या डोक्यात पक्कं बसतं की पाहुणे आले म्हणजे आपली फजिती. पुढच्या वेळी दार वाजलं की ते माडीवर. त्यापेक्षा पाहुण्यांना पाणी नेऊन द्यायचं काम सांगा. हाताला काम असलं की तोंडावरचं ओझं कमी होतं. दुकानातून मीठ आणायला पाठवा. पैसे मोजून घेताना दोन शब्द बोलावेच लागतात आणि ते ऐकायला तिथं कुणी नातेवाईक नसतो. लग्नाला जायचं तर गर्दी व्हायच्या आधी पोचा, मांडव रिकामा असताना त्याला हिंडू द्या. कुणी त्याला नाव विचारलं तर तुम्ही पटकन सांगून टाकू नका, जरा थांबा. ती शांतता तुम्हाला जड जाते, त्याला नव्हे. आणि त्याच्यासमोर, त्याच्याबद्दल, ‘हा ना, फार लाजाळू’ हे वाक्य कृपा करून बोलू नका. लेकरं आपल्याबद्दल ऐकलेलं खरं करून दाखवतात.

शाळेच्या प्रवेशाचंही असंच. पहिलीच्या प्रवेशासाठी लेकराची ‘मुलाखत’ आहे म्हणून महिनाभर घोकंपट्टी चालते आणि त्या दिवशी ते तोंड उघडत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या कलम १३ नुसार पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आई-वडिलांची अशी चाळणी लावताच येत नाही. लावली तर शाळेला पहिल्यांदा २५ हजार आणि पुढे दर वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही बंद केलाय. न बोलणाऱ्या लेकराला वर्गात ‘मुका’ म्हणणं त्यातच बसतं असं माझं मत आहे. हे भांडायला सांगत नाही. पण आपण घाबरलेलो नसलो तर लेकरू निम्मं कमी घाबरतं.

आता मुलींविषयी, कारण वरचं सगळं वाचताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढं मुलगाच आला असेल. मुलगा बोलत नाही ही आपल्याकडं काळजी असते, मुलगी बोलत नाही हे संस्कार. इंग्रजीतही मुलीच्या लाजण्याला वेगळा शब्द आहे, कॉय. तो आला लॅटिनमधल्या ‘शांत’ या अर्थाच्या शब्दातून. ज्यातून इंग्रजीचा क्वाएट आला त्यातूनच. शांत पोरगी म्हणजे लाजरी पोरगी, हे समीकरण तिकडंही आणि इकडंही.

आपल्या जिल्ह्यात हे समीकरण महाग पडतं. मुली इथं आधीच कमी : २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. पाहायला आलेल्या मंडळींसमोर नववीतली पोर मान खाली घालून बसते आणि मोठी माणसं म्हणतात, लाजतीय, म्हणजे पसंत हाय. ती लाजत नसते. ती बुजलेली असते, आणि कशाला हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. जिला लहानपणापासून ‘पोरीच्या जातीनं जास्त बोलू नये’ हेच ऐकवलं, ती शाळेच्या वाटेवर कुणी त्रास दिला तरी घरी येऊन काय सांगणार? मुलीला ‘नको’ म्हणायची सवय घरातच लावावी लागते. तिनं नको म्हटलेली भाजी, नको म्हटलेला मामाचा मुका, नको म्हटलेला फोटो, हे मानलं गेलं तरच मोठं ‘नको’ तिच्या तोंडातून निघेल.

काही गप्पपणाला मात्र डॉक्टर लागतो. घरात भरपूर बोलणारं लेकरू शाळेत महिना-महिना एक शब्द काढत नाही, अगदी लघवीला जायचं असलं तरी सांगत नाही, असं असेल तर तो साधा लाजाळूपणा नसण्याची शक्यता आहे. १८७७ साली अडोल्फ कुस्माउल या जर्मन डॉक्टरनं या अवस्थेचं पहिलं वर्णन केलं तेव्हा त्यानं नाव दिलं ते ‘मुद्दाम न बोलणं’ अशा अर्थाचं. शंभरेक वर्षं डॉक्टरही मुलाचा हट्टच समजत होते. आज तिला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात आणि ती चिंतेच्या आजारात मोजली जाते. २०१३ पासून तसं वर्गीकरणच आहे. लेकरू मुद्दाम करत नाही, त्याचा गळा खरोखर धरला जातो. शाळेत नवं आल्यानंतरचा पहिला महिना यात धरायचा नाही, तेवढं कुणाचंही होतं. दुसरं, नावानं हाक मारली तरी जे वळून बघत नाही, नजर देत नाही, शब्दच उशिरा येतायत, त्याचे कान आणि वाढ दोन्ही तपासून घ्या. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं : कालपर्यंत बडबड करणारं लेकरू एकाएकी गप्प झालं, कुणा एका माणसाजवळ जाईनासं झालं, तर त्याला स्वभाव म्हणू नका. मारहाण किंवा त्याहून वाईट काही घडलेलं असू शकतं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा टेलिमानसचा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. लेकराला धोका वाटत असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन.

शेवटी, दसऱ्यानंतर ऊसतोडीला साखर कारखान्यावर जाणाऱ्यांसाठी. बीड, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, कुठूनही जा, कोयता घेऊन निघालात की तुमच्यापुढं दोनच वाटा असतात : लेकरू सोबत न्यायचं, नाहीतर आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायचं. सोबत नेलं तर सहा महिने ते कोपीवर लहान भावंडं सांभाळतं आणि परत आल्यावर वर्ग त्याच्या पुढं निघून गेलेला असतो. फळ्यावरचं कळत नाही, बाकावरचा जोडीदार बदललेला. ते मागच्या रांगेत बसून गप्प राहतं आणि आम्ही लिहितो, लाजाळू. ठेवून गेलात तर त्याच्याशी बोलणारं माणूसच कमी होतं. म्हणून एवढं करा. निघायच्या आधी एकदा शाळेत या आणि लेकरासमोर बाईंना सांगा की आम्ही अमुक महिन्यापर्यंत नाही, याच्याकडं लक्ष असू द्या. ठेवून जात असाल तर रोज रात्री फोन करा, आणि ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ एवढ्यावर ठेवू नका. आज कुणाशी भांडलास, कुणाशी खेळलास ते विचारा आणि त्याला बोलू द्या. सोबत नेत असाल तर त्याची पुस्तकं न्या आणि शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. परत आलात की पहिल्याच आठवड्यात त्याचा हात धरून वर्गापर्यंत या. आम्ही शिक्षकही त्याला त्या दिवशी फळ्याजवळ उभं करणार नाही, एवढा शब्द तुम्ही आमच्याकडून मागून घ्या.